न आलेल्या पतंगाच्या नावाने

सध्या कोकणातल्या बहुतेक वाड्यांच्या आणि कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक निरोप फिरतो आहे. वर लाल अक्षरांत ‘तातडीचा इशारा’, मध्ये एका भल्यामोठ्या तांबूस पतंगाचे छायाचित्र आणि खाली मजकूर. मजकुराचा सारांश असा : अमेरिकेतली जंगलेच्या जंगले फस्त करणारा ‘स्पाँजी मॉथ’ नावाचा पतंग जहाजातून कोकणात उतरला आहे, परदेशी शास्त्रज्ञांनी तो प्रयोगशाळेत तयार करून मुद्दाम सोडला आहे, त्याची मादी एका रात्रीत १०० किलोमीटर उडते, त्यामुळे त्याला कोणी अडवू शकत नाही आणि त्याच्या प्रसारावर चालणारे संशोधन म्हणजे निव्वळ पैशांची उधळपट्टी आहे, त्याच्या अळ्यांनी एकदा पाने खाल्लेले झाड मरतेच, म्हणून ते ताबडतोब तोडून जाळावे, त्याच्या पंखांवरची धूळ डोळ्यांत गेल्यास अंधत्व येते, आणि म्हणून हा पतंग दिसेल तेथे मारावा व घराभोवतीच्या झाडांवर मिळेल ते जहाल औषध फवारावे. निरोपाखाली नाव नाही, तारीख नाही. ‘कृषी शास्त्रज्ञांचे म्हणणे आहे’ एवढाच काय तो आधार.

असला मजकूर वाचून पुसून टाकावा आणि आपल्या कामाला लागावे, हा माझा शिरस्ता. या वेळी तो मोडावा लागला, कारण राजापूर तालुक्यात राहणाऱ्या माझ्या आत्याने हा निरोप खरा मानला. पडवीच्या भिंतीवर निवांत बसलेला एक पतंग तिने खराट्याने मारवून घेतला आणि मग मला फोन करून दोन गोष्टी विचारल्या : परसातल्या दालचिनीवर कोणते औषध मारू, आणि पानांची चाळण झालेले साग तोडायला माणूस कुठे मिळेल. आत्या भोळसट नाही. आयुष्यभर तिने झाडे लावली आणि जगवली. अशा बाईला कुऱ्हाडीचा विचार करायला लावणाऱ्या मजकुराकडे काणाडोळा करणे मला जमले नाही.

छायाचित्रापासूनच सुरुवात करावी लागेल. निरोपात दाखवलेला पतंग स्पाँजी मॉथ नाही. तो ॲटलास पतंग आहे. पंख पसरल्यावर २४-२५ सेंटिमीटरपर्यंत भरणारा, तांबूस-विटकरी रंगाचा, पंखांवर त्रिकोणी पारदर्शक खिडक्या असलेला आणि पंखांची टोके सापाच्या तोंडासारखी दिसणारा हा कीटक एकदा पाहिला की विसरणे कठीण. स्वीडनच्या निसर्गशास्त्रज्ञ लिनीयसने १७५८ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले, आणि दक्षिण व आग्नेय आशियातल्या जंगलांत तो त्याच्याही कितीतरी आधीपासून राहतो आहे. कोकणात दर पावसाळ्यात आणि पावसानंतर तो कोणाच्या तरी अंगणात, देवळाच्या भिंतीवर किंवा दिव्याच्या खांबाजवळ दिसतो आणि वर्तमानपत्रांत त्याचे छायाचित्र छापून येते. विदर्भात भंडारा-गडचिरोलीकडे ज्या पतंगाच्या कोशांतून टसर रेशीम काढतात, तो याच कुळातला. प्रौढ ॲटलास पतंगाला खाण्याजोगे तोंडच नसते. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो एक-दोन आठवडे जगतो, जोडीदार शोधतो, मादी अंडी घालते आणि संपते. पडवीच्या भिंतीवर बसलेला तो पतंग कोणाच्याही झाडाचे एक पानसुद्धा खाणार नव्हता. त्याच्या अळ्या दालचिनी, पेरू अशा झाडांची पाने खातात हे खरे, पण त्या मोजक्या असतात आणि त्यांच्यामुळे बाग गेल्याचे कोणी सांगत नाही.

खरा स्पाँजी मॉथ याच्या शेजारी ठेवला तर अगदीच सामान्य दिसेल. नर तपकिरी, पंख पसरून तीन-चार सेंटिमीटर. मादी मळकट पांढरी, काळसर नागमोडी रेघांची, त्याहून थोडी मोठी. निरोप तयार करणाऱ्याला एवढ्याशा किड्याची भीती कोणाला वाटणार अशी शंका आली असावी, म्हणून त्याने डोळ्यांत भरणारे चित्र निवडले. नाव एकाचे आणि चेहरा दुसऱ्याचा. पुढे दिसेल की पंख तर तिसऱ्याचेच आहेत.

आता मुख्य दाव्याकडे येतो, कारण सगळ्या निरोपाचा डोलारा त्याच्यावर उभा आहे. मादी एका रात्रीत १०० किलोमीटर उडते, म्हणून उपाय नाही आणि संशोधन व्यर्थ. हा आकडा हवेतून आलेला नाही. तो अमेरिकन लष्करी अळीचा आहे. मक्यावर पडणारी ही कीड भारतात पहिल्यांदा मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याकडे आढळली आणि तिचा पतंग एका रात्रीत १०० किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो, असे संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना सांगते. त्यानंतर महाराष्ट्रातल्या मका उत्पादकांनी तिचा पुरेपूर अनुभव घेतला. ती जंगलाची कीड नाही, ती पिकाची कीड आहे. भातावर येणारी आपली जुनी लष्करी अळीसुद्धा तिच्याहून वेगळी जात आहे.

अमेरिकेतल्या जंगलांत पसरलेला स्पाँजी मॉथ मूळचा युरोपातला आणि त्याच्या मादीची गंमत अशी की तिला पंख आहेत, पण उडता येत नाही. कोशातून बाहेर पडली की ती तिथेच किंवा चार पावलांवर, खोडावर, दगडाच्या कपारीत, कुंपणाच्या खांबावर अंडी घालते. एका पुंजक्यात काही शे, कधी हजाराच्या घरात अंडी असतात आणि पोटावरच्या बदामी लवेने ती त्यांना झाकून टाकते. या अंड्यांतून वसंत ऋतूत निघालेल्या इवल्या केसाळ अळ्या फांदीच्या टोकाशी जातात, रेशमाच्या धाग्यावर लोंबकळतात आणि वाऱ्याबरोबर वाहत दुसऱ्या झाडावर पोचतात. या वाऱ्यावरच्या प्रवासाचाही कोणाला बाऊ करायचा असेल तर तोही मोजून झाला आहे : बहुतेक अळ्या काही शे मीटरांच्या आतच खाली येतात.

मग जो कीटक स्वतः उडत नाही आणि ज्याची पिल्ले फार लांब वाहत नाहीत, तो मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावातून निघून पश्चिमेला विस्कॉन्सिनपर्यंत आणि दक्षिणेला नॉर्थ कॅरोलिनाच्या सीमेपर्यंत गेला कसा? हा प्रश्न ज्यांना खरोखर पडला, त्यांनी छाती बडवून न घेता जुने दप्तर उघडले. कीटकशास्त्रज्ञ अँड्र्यू लीबहोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९२ मध्ये ‘जर्नल ऑफ बायोजिओग्राफी’त आलेला निबंध या विषयात आजही पायाभूत मानला जातो, आणि मी इथे जे सांगतो आहे त्याचा मोठा भार त्याच्यावरच आहे. अमेरिकेत कोणत्या काउंटीत, म्हणजे साधारण आपल्याकडच्या जिल्ह्यात, हा पतंग कोणत्या वर्षी स्थिरावला याच्या सरकारी नोंदी होत्या. त्या नकाशावर मांडून त्यांनी वर्षागणिक सीमा किती सरकली हे काढले. १९०० ते १९१५ या काळात ती वर्षाला सुमारे ९.५ किलोमीटर सरकत होती. १९१६ ते १९६५ मध्ये तो वेग सुमारे २.८ किलोमीटरवर आला. आणि १९६६ ते १९९० मध्ये, फार थंड नसलेल्या भागांत, तो जवळजवळ २१ किलोमीटर झाला. अतिथंड भागांत याच काळात तो साडेसात किलोमीटरच्या आसपास होता. दुसऱ्या बाजूने, अळ्या केवळ वाऱ्यावर पसरल्या असत्या तर वेग किती निघाला असता, याचे गणित त्यांनी मांडले. उत्तर आले वर्षाला अडीच किलोमीटर.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. अडीच आणि एकवीस. मधला सगळा फरक कोणी भरून काढला? पतंगाचे पंख १९६६ मध्ये अचानक लांब झाले नाहीत. अंड्यांचे पुंजके मोटारींच्या तळाला, छावणीच्या सामानाला, अंगणातल्या बाकांना, लाकूडफाट्याला चिकटून माणसांबरोबर गेले. सुट्टीत रानात तंबू ठोकून राहणारी आणि परतताना जळाऊ लाकूड घेऊन येणारी कुटुंबे, घर बदलताना बागेतले सामान ट्रकात टाकणारी माणसे, ही या पतंगाची वाहने. सीमेच्या पुढे ५०-१०० किलोमीटरवर एखादी एकटी वसाहत उगवते, ती वाढते, मागून सरकत येणारी सीमा तिला येऊन मिळते आणि मग सगळा पट्टाच पुढे गेल्यासारखा दिसतो. रात्रीच्या आकाशाकडे पाहत बसणाऱ्याला यातले काहीच दिसणार नाही, कारण पाहायचे आहे ते गाडीच्या चाकामागे.

आणि याच समजुतीतून उपाय निघाला, हे निरोपकर्त्याला कोणी तरी सांगायला हवे. नराला बोलावण्यासाठी मादी जो गंध सोडते, तो डिस्पारलूर नावाचा पदार्थ १९७० मध्ये ओळखला गेला आणि कृत्रिमरीत्या बनवताही आला. त्याचा कणभर अंश लावलेले कागदी सापळे आज अमेरिकेत दरवर्षी हजारोंच्या संख्येने सीमेच्या पुढच्या पट्ट्यात टांगले जातात. नर सापडले की तिथे जवळपास कोवळी वसाहत आहे असा अंदाज बांधतात. अशा वसाहतींचे एक वैगुण्य संशोधकांच्या ध्यानात आले आहे : संख्या फार थोडी असेल तर नराला मादी सापडतच नाही आणि पुष्कळ वसाहती कोणी हात न लावता विझून जातात. म्हणून तिथे तोच गंध रानभर पसरून नरांना चकवतात; जिकडे तिकडे मादीचा वास येत राहिला की खरी मादी शोधणे अशक्य होते. कीटकनाशकाचा थेंबही न वापरता हे काम होते. २००० पासून ही योजना अमेरिकेच्या वनखात्याने राज्यांच्या मदतीने राष्ट्रीय पातळीवर चालवली आहे आणि प्रसाराचा वेग निम्म्याहून अधिक घटला आहे. ‘कोणी अडवू शकत नाही’ म्हणणाऱ्याने आणि ‘उधळपट्टी’ म्हणणाऱ्याने यातले कोणते काम वायफळ होते ते दाखवून द्यावे.

इथे एखादा चिकित्सक वाचक विचारील की, उबदार भागांत वेग जास्त होता तर कोकणासारख्या उष्ण मुलखात तो आणखी वाढणार नाही का. शंका रास्त आहे, पण उत्तर उलटे आहे. या पतंगाची वर्षाला एकच पिढी होते आणि अंड्यातली अळी थंडीचे काही महिने काढल्याशिवाय नीट बाहेर येत नाही. हिवाळा हा तिच्या वाढीचाच एक टप्पा आहे. अतिथंडीत अंडी मरतात, पण थंडीच नसेल तर त्यांचे चक्रच बिघडते. अमेरिकेतही व्हर्जिनियाच्या किनारी सखल प्रदेशात उन्हाळ्याच्या तापमानापुढे त्याची सीमा पुढे न जाता अडखळली आणि मागे हटली, असे अलीकडच्या संशोधनात आढळले आहे. राजापुरात किंवा मालवणात जानेवारीतल्या पहाटे अंगावर चादर घ्यावी लागते, एवढी थंडी त्या अंड्यांना पुरणारी नाही. या पतंगाचा एक सख्खा भाऊबंद भारतात आहे, पण तो काश्मीर आणि हिमाचलात, विलो, पॉप्लर आणि सफरचंदाच्या झाडांवर. म्हणजे जिथे हिवाळा हिवाळ्यासारखा असतो तिथे.

‘प्रयोगशाळेत तयार करून सोडला’ या दाव्यावर फार शाई खर्च करण्याची गरज नाही, परंतु खरी हकिगत कल्पितापेक्षा रंजक आहे. एतिएन लिओपोल्ड ट्रुव्हेलो नावाचा एक फ्रेंच चित्रकार मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्ड गावात राहत होता आणि त्याला रेशीम देणाऱ्या पतंगांचा नाद होता. त्याने युरोपातून या पतंगाची अंडी आणली आणि १८६८-६९ च्या सुमारास काही अळ्या त्याच्या घरामागच्या परसातून निसटल्या. पुढे तो खगोलशास्त्राकडे वळला, हार्वर्डच्या वेधशाळेत त्याने ग्रह-ताऱ्यांची अप्रतिम चित्रे काढली आणि १८८२ मध्ये फ्रान्सला परतला. मेडफर्डच्या लोकांना अळ्यांनी पहिला मोठा तडाखा दिला तो १८८९ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी. कट नव्हता, प्रयोगशाळाही नव्हती. हलगर्जीपणा मात्र नक्कीच होता. दुसऱ्या मुलखातला जीव हौसेखातर आणून परसात ठेवण्याचा हा प्रकार आपल्याकडेही चालतो. त्याविषयी निरोपकर्त्याला काही म्हणायचे नाही.

जहाजाचा मुद्दा अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने का होईना, मान्य करावे लागते. या पतंगाचा एक आशियाई प्रकार आहे, ज्याची मादी उडते आणि दिव्यांकडे येते. रशियाचा अतिपूर्व भाग, जपान, कोरिया आणि चीनमधल्या काही बंदरांत रात्रीच्या लखलखाटाने ओढल्या गेलेल्या माद्या जहाजाच्या भिंतींवर अंडी घालतात आणि ती अंडी समुद्र ओलांडतात. १९९१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर असे पतंग सापडले आणि तेव्हापासून त्या बंदरांतून येणाऱ्या जहाजांची तपासणी आणि प्रमाणपत्र हा नेहमीचा भाग झाला आहे. तेव्हा उरणचे न्हावा-शेवा असो की जयगड, बंदरात उतरणाऱ्या मालाकडे डोळे उघडे ठेवून पाहिलेच पाहिजे. माल बांधलेल्या लाकडी खोक्यांवर उष्णतेची प्रक्रिया झाल्याचा शिक्का असतो, तो पाहण्याचे काम वनस्पती संगरोध यंत्रणेचे आहे आणि केंद्राच्या २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार ते चालते. परंतु ‘जहाजातून येऊ शकतो’ आणि ‘कोकणात उतरला आहे’ ही दोन विधाने एक नव्हेत. पहिल्यासाठी पुरावा आहे. दुसऱ्यासाठी निरोपात एकही ठिकाण, एकही नमुना, तो तपासणारा एकही माणूस नाही. असलेले एकमेव छायाचित्र दुसऱ्याच जातीचे आहे.

आता सागांविषयी, कारण आत्याचे साग अजून उभे आहेत आणि ते तसेच राहावेत अशी माझी इच्छा आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात सागाची पाने जाळीदार होतात, शिरा तेवढ्या उरतात आणि झाड लांबून करपल्यासारखे दिसते, हे कोकणात आणि सह्याद्रीत राहणाऱ्या कोणालाही नवे नाही. हे काम पानांची जाळी करणाऱ्या एका देशी पतंगाच्या अळीचे असते. पावसाच्या सुरुवातीला कोवळी पालवी फस्त करणारी अळी वेगळी. तिचा पतंगही इथलाच. पाने गेली म्हणून साग मरत नाही, नवी पालवी फुटते. उशिरा जाळी झालेली पाने तर दोन-तीन महिन्यांनी साग स्वतःच गाळणार असतो. नुकसान होत नाही असे मात्र मी म्हणणार नाही. केरळच्या वन संशोधन संस्थेने निलंबूरच्या कोवळ्या सागवनात केलेल्या अभ्यासात, पालवी खाणाऱ्या अळीमुळे लाकडाची संभाव्य वाढ ४४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आकडा मोठा आहे, पण तो खुंटलेल्या वाढीचा आहे, मेलेल्या झाडांचा नाही. अमेरिकेतसुद्धा निरोगी ओक एखाद्या वर्षीची पानगळ सोसून पुन्हा पालवतो. लागोपाठ दोन-तीन वर्षे पाने गेली, त्यात दुष्काळ आला आणि खोडाला दुसऱ्या किडी लागल्या की मग झाडे मरतात. एवढ्यापुरता निरोपात सत्याचा कण आहे. त्यावरून घराजवळचा साग तोडून जाळावा असा निष्कर्ष काढणाऱ्याला हेही ठाऊक नसावे की, महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे साग हे अनुसूचित झाड आहे आणि ते स्वतःच्या जमिनीतले असले तरी परवानगीवाचून तोडता येत नाही. म्हणजे निरोप ऐकणाऱ्याचे झाडही जाईल आणि वर दंडही बसेल.

पंखांच्या धुळीने अंधत्व येते, हे खोटे आहे. पतंगाच्या पंखांवर खवले असतात, ते हाताला लागतात आणि धुतले की जातात. सुरवंटाच्या केसांची गोष्ट वेगळी. स्पाँजी मॉथच्या अळ्यांनी अंगावर पुरळ उठते, आपल्याकडच्या केसाळ सुरवंटांनीही उठते, आणि तसला केस डोळ्यात रुतला तर डोळा न चोळता डॉक्टरांकडे जावे. ॲटलास पतंगाचा याच्याशी काहीही संबंध नाही.

उरला फवारणीचा सल्ला, आणि निरोपातला सर्वांत घातक भाग हाच. योगायोग असा की, ‘मिळेल ते जहाल औषध’ या मार्गाचे परिणाम याच पतंगाच्या इतिहासात जितके स्पष्ट लिहिले गेले आहेत, तितके क्वचितच दुसरीकडे सापडतील. शिसे आणि आर्सेनिक यांचे संयुग असलेले लेड आर्सेनेट हे कीटकनाशक १८९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये याच पतंगाविरुद्ध पहिल्यांदा वापरात आले आणि पुढे कित्येक दशके जगभरच्या फळबागांत मारले गेले. त्यातले शिसे आणि आर्सेनिक जुन्या बागांच्या मातीत आजही सापडते. पतंग मात्र तिथेच राहिला. १९५७ मध्ये ईशान्य अमेरिकेतल्या सुमारे ३० लाख एकरांवर याच पतंगासाठी विमानांतून डीडीटी टाकले गेले, तेव्हा गायींची कुरणे, भाजीचे मळे आणि माणसांची घरे त्याखाली आली. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या रहिवाशांनी न्यायालयात धाव घेतली. पतंग तरीही राहिला.

विषाऐवजी शत्रूकीटक सोडण्याचा प्रयोगही आंधळेपणाने केला की काय होते, त्याचा दाखला ॲटलास पतंगाच्या नातलगांनीच दिला आहे. १९०६ पासून अमेरिकेत स्पाँजी मॉथचा नायनाट करण्यासाठी युरोपातून एक परजीवी माशी आणून सोडली गेली. ती अळीच्या अंगात आपली पिल्ले वाढवते, पण तिची निवड चोखंदळ नाही. शेकडो जातींच्या अळ्या तिला चालतात. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मॅसॅच्युसेट्सच्या रानात तिथल्या देशी सेक्रोपिया पतंगाच्या अळ्या ठेवून पाहिल्या, तर एका प्रयोगात त्यांतल्या ८१ टक्के अळ्या याच माशीने पोखरलेल्या निघाल्या. सेक्रोपिया हा आपल्या ॲटलासच्याच कुळातला, तसाच मोठा आणि तसाच देखणा. ज्याच्यासाठी माशी आणली तो पतंग टिकून आहे, आणि ज्यांचा काही अपराध नव्हता ते देशी रेशीम पतंग त्या भागात विरळ झाले. तिकडे निदान पतंग खरोखर आलेला होता. आपल्याकडे तो नसताना त्याच्या नावाने ॲटलासवर खराटा चालवला जातो आहे.

आत्याच्या परसातल्या दालचिनीची पाने घरच्या भातात पडतात आणि साल मसाल्यात जाते. त्या झाडापासून विहीर हाकेच्या अंतरावर आहे. तिथे ‘मिळेल ते’ औषध फवारायचे म्हणजे ते कोणाच्या ताटात आणि कोणाच्या पाण्यात जाणार, याचा विचार निरोप लिहिणाऱ्याने केलेला नाही. पतंगाची एक-दोन अळी पानांवर दिसली तर ती राहू द्यावी. फारच झाल्या तर हाताने फांदी हलवून दुसऱ्या झाडावर सोडाव्यात.

बाहेरून आलेल्या किडीची काळजी कोकणाने करायचीच असेल, तर ती माडांच्या शेंड्यांवर आधीच येऊन बसलेली आहे. चक्राकार अंडी घालणारी पांढरी माशी २०१६ मध्ये भारतात पहिल्यांदा तामिळनाडूतल्या पोल्लाचीला नारळावर आढळली आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकली. झावळीच्या खालच्या बाजूला पांढऱ्या मेणकट वर्तुळांची नक्षी आणि खालच्या पानांवर काळी बुरशी दिसली तर ती ही. तिचाही लांबचा प्रवास बव्हंशी स्वतःच्या पंखांवर झालेला नाही. कीड लागलेली रोपे गाडीत घालून माणसांनी नेली आणि रोपांबरोबर ती गेली. कासरगोडच्या नारळ संशोधन संस्थेचा सल्ला तर निरोपाच्या नेमका उलट आहे : रासायनिक फवारणी टाळावी, कारण पांढऱ्या माशीच्या अंगात वाढणारी एन्कार्सिया नावाची इवली गांधीलमाशी फवारणीत मरते आणि पांढरी माशी पुन्हा दुपटीने वाढते, प्रादुर्भाव झालेली रोपे दुसरीकडे नेऊ नयेत, झावळ्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवाव्यात.

तेव्हा रोपवाटिकेतून माडाची, सुपारीची किंवा शोभेची रोपे आणताना प्रत्येक पान उलटे करून पाहावे आणि पांढरे काही चिकटलेले दिसले तर ते रोप तिथेच ठेवून यावे. अनोळखी किडा दिसला तर त्याचे वरून, बाजूने आणि तो ज्या पानावर आहे त्या पानासह छायाचित्र काढून कृषी सहायकाला किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कीटकशास्त्र विभागाला दाखवावे. फवारणीच्या पंपाला हात त्यांचे उत्तर आल्यावरच लावावा.